वॉलची चावी

नाशिकरोडच्या आमच्या गल्लीत पाणी सोडणारा वॉलमन कुणालाही वॉलला हात लावू देत नाही. दाब वाढला की तो चावीने वॉल आवळतो, उतरला की सैल करतो. "धार सारखी पायजे," म्हणतो. स्वतः मात्र भर उन्हात पाणी पीत नाही. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी तेवढी रोज गिळतो.

परवा त्याचे पाय सुजले, म्हणून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्याच्या खिशातली गोळ्यांची पट्टी पाहून ते म्हणाले, "अंगातलं पाणी घटलं की किडनी आपला वॉल सैल करते, रक्ताची धार टिकवते, गाळणं चालू ठेवते. ही गोळी तो वॉलच सैल होऊ देत नाही."

"माझ्या वॉलला हात, मला न विचारता?" तो भडकला.

बाहेर आल्यावर त्याने उरलेल्या गोळ्या माझ्या हातात ठेवल्या. "फेकायच्या कशाला? तुमचेपण गुडघे दुखतात, आणि तुम्ही तर पाणी पिता."