कव्हराच्या आतली बाजू

मी आजवर एकवीस पत्रकं लिहिली. त्यातलं घरोघर पोचलं ते एकच, आणि तेच मी वाटलेलं नव्हतं.

आम्ही सिल्वासाच्या बाहेर, एका धाग्याच्या कंपनीच्या कॉलनीत राहतो. पप्पा कंपनीच्या स्टोअरमध्ये आहेत. मी कॉलेज संपल्यापासून अन्यायाच्या विरोधात आहे. (अन्याय कुठलाही चालतो. नळाला पाणी नसणं, बसला वेळ नसणं, कुत्र्यांना वाली नसणं.) गेल्या वर्षी माझी नजर कॉलनीच्या वाचनालयावर पडली. गुजराती कपाट उघडं. हिंदी कपाट उघडं. मराठी कपाटाला कुलूप! आणि ते आजकालचं नव्हे, चार वर्षांचं. वाचनालय कुणाकडे? पर्सोनेल मॅनेजर सामंत साहेबांकडे. म्हणजे साहेब स्वतः मराठी, मालवणकडचे, आणि मराठीच्याच गळ्याला कुलूप. माझं डोकं तापलं. दोन तासांत पत्रक तयार झालं. ‘कपाट उघडा! वाचनाचे मारेकरी कोण?’ मुद्दे सतरा निघाले म्हणून मोठा कागद घ्यावा लागला. शेवटी जाड अक्षरात, ‘सामंत साहेब, उत्तर द्या’. दोनशे प्रती, पाठकोऱ्या.

पप्पांनी गठ्ठा पाहिला आणि ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

“मने, हे वाटलंस तर आपण परत गावी, शिरपूरला. सामानासकट.”

“पप्पा, प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“तत्त्वाला क्वार्टर लागत नाही. मला लागतं.”

त्याचं असं होतं, की पप्पांची अठ्ठावन्न वर्षं भरली होती आणि ते दर वर्षी मिळणाऱ्या मुदतवाढीवर होते. त्या कागदावर सही सामंत साहेबांची. सही नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर घर नाही. पप्पांच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी पहिल्यांदा एका अन्यायापुढे माघार घेतली. गठ्ठा फाडून टाकते म्हणाले. (टाकला नाही. स्वतःचं लिखाण स्वतः फाडणारा माणूस मला अजून भेटायचाय.) दिवाणाखाली ढकलला आणि विसरून गेले.

इकडे कपाट बंद म्हणून आईने आपली सोय करून घेतली होती. कॉलनीतल्या सहा बायकांची पुस्तकभिशी. महिन्यातून एकदा जमायचं, आपण काय वाचलं ते सांगायचं, ‘हे वाचाच’ म्हणून पुस्तक मध्ये ठेवायचं आणि चिठ्ठ्या टाकायच्या. जिच्या नावाची चिठ्ठी, तिला ते पुस्तक. पुस्तक हातोहाती फिरून मळतं, म्हणून त्याला कव्हर घालायचं काम आईकडे. आईचं कव्हर म्हणजे काय! कोपरे दुमडून, घड्या नखाने दाबून, शाळेत पहिला नंबर यावा असं.

मुदतवाढीची पत्रं सोमवारी निघणार होती. त्याआधीच्या शनिवारी भिशीतलं एक पुस्तक परत आलं, कव्हरावर तेलाचा डाग घेऊन. आई म्हणाली, “बदल गं तेवढं.” मी कव्हर काढलं. आतून माझेच शब्द माझ्यावर ओरडले: वाचनाचे मारेकरी कोण?

पायाखालची फरशी सरकली म्हणतात, ती माझी स्वयंपाकघरापर्यंत गेली.

“आई, हा कागद कुठून आणलास?”

“दिवाणाखाली गठ्ठाच पडलाय. चांगला जाड आहे.”

“त्याच्यावर काय छापलंय ते वाचलंस का?”

“तुझं आहे म्हटल्यावर काय वाचायचं? छपाई आत घातली मी. बाहेर शोभत नव्हती.”

“अशी किती घातलीस?”

“साही पुस्तकांना.” आई कणीक मळत होती, ती मळत राहिली. “पाच बाहेर आहेत. सुषमाबेनकडे एक, पवारांकडे, गीताकडे... आणि ते जाडं सामंतवहिनींकडे गेलंय. चिठ्ठीच तशी निघाली.”

सामंतवहिनी भिशीत होत्या. दोन महिन्यांपासून. माझ्या घरात, माझ्या आईच्या हातची खिचडी खाऊन, माझं पत्रक पिशवीत घालून साहेबांच्या उशाशी नेत होत्या. मला डोळ्यांपुढे टेम्पो दिसायला लागला. टेम्पोत दिवाण, दिवाणावर पप्पा.

आता शांत डोक्याने विचार केला असता तर कळलं असतं, की पुस्तकाचं कव्हर काढून आत काय आहे हे कुणी बघत नाही. पण शांत डोकं हा आमच्या चळवळीतला विषय नाही. मी धावत सुषमाबेनकडे गेले. (या आमच्या धुळ्याकडच्याच. पण वीस वर्षं इथे राहिलं की मावशीची बेन होते.)

“बेन, ते पुस्तक द्या ना जरा.”

“आत्ता नाही देणार हं. तिचा नवरा परत आलाय आणि तिला बिचारीला मालूमच नाही.”

“पुस्तक नको. फक्त कव्हर बदलते.”

“कव्हराला काय झालं? छान तर आहे.”

काहीतरी सांगायला हवं होतं. पत्रकं लिहून लिहून मला एक सवय लागलीये, साधं काही सुचतच नाही.

“तो कागद विषारी आहे, बेन. त्याची शाई अंगात भिनते.”

बेन पांढऱ्या पडल्या. “मने! मी बोटाला थुंकी लावून पानं उलटते गं!”

त्या कॉटवर आडव्या झाल्या. मी त्यांना पाणी दिलं, कव्हर उतरवलं, घडी करून ओढणीत लपवलं. एक संकट टळलं, राहिली चार, असं म्हणत मागे वळते तो काय, बेन आडव्या पडल्या पडल्या मोबाईलवर बोलत होत्या. भिशीच्या ग्रुपवर.

“सगळ्यांनी ऐका. पुस्तकांच्या कव्हरात जहर आहे. मनीने खुद सांगितलं. आत्ताच्या आत्ता कव्हरं काढा.”

जी कव्हरं पुस्तक फाटेपर्यंत कुणी काढली नसती, ती मी एका वाक्यात चार घरांत काढायला लावली होती. माझ्या कुठल्याही आवाहनाला इतका तातडीचा प्रतिसाद याआधी मिळाला नव्हता. मी बेनच्या हातातल्या मोबाईलकडे बघत उभी राहिले. पवारकाकूंचा अंगठा आला. गीताभाभीचा ‘बाप रे’ आला. मग सामंतवहिनींचा एक शब्द आला.

‘काढलं.’

आणि त्याखाली, ‘मनीषाला पाठवा.’

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आईने हात धुतले, डबा उघडला. “रिकाम्या हाताने जाऊ नको. ह्या बिबड्या घेऊन जा.” खानदेशात ज्वारीच्या पापडाने सुटत नाही असा प्रश्न नाही, अशी तिची समजूत आहे.

“पप्पांना काय सांगू?”

“काही सांगू नको. त्यांना जेवू दे आधी.”

तेवढ्यात पप्पा हाफ डे करून फाटकातून आत आलेच. “कुठे चाललीस?” म्हणाले. “बिबड्या द्यायला,” मी म्हणाले. “कुणाला?” या प्रश्नापर्यंत मी कोपरा ओलांडला होता. मी मोर्चात लाठीला घाबरत नाही. (लाठी अजून कुणी मारलेली नाही.) पण साहेबांच्या दारातून मी दोनदा मागे फिरले आणि तिसऱ्यांदा बेल वाजवली.

आत साहेब टेबलाशी बसले होते. पुढे पुस्तक, उघडंबोडकं. शेजारी माझं पत्रक, इस्त्री केल्यासारखं सपाट, चारी कोपऱ्यांवर चार वाट्या.

“बस,” साहेब म्हणाले.

मी बसले. बिबड्यांचा डबा मांडीवर कडकडत होता.

“पुस्तक मी तिसाव्या पानावर सोडलं होतं,” शेजारी उभ्या असलेल्या सामंतवहिनी म्हणाल्या. “हे मात्र एका दमात वाचलं. यांनाही वाचून दाखवलं.”

“मारेकरी,” साहेब म्हणाले. “मारेकरी म्हणजे मी?”

“काका, पप्पांना यातलं काही माहीत नाही. चूक माझी आहे. त्यांच्या मुदतवाढीला...”

“एक विचारतो. तू किल्ली मागितली होतीस?”

“कुणाकडे?”

“कुणाकडेही.”

मी सतरा मुद्दे मनातल्या मनात तपासले. हा त्यात नव्हता.

साहेबांनी फ्रिजशेजारच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे दोरीला बांधलेली किल्ली लोंबत होती. “पुस्तकं जायला लागली म्हणून कुलूप लावलं. कपाटावर कागद लावलाय, किल्ली सामंतांच्या घरी मिळेल. चार वर्षांत एक माणूस आला नाही.”

“तसा कागद तिथे नाहीये, काका.”

“आहे. त्याच्यावर कुणीतरी ‘पाणी वाचवा’ चिकटवलंय.”

मी खाली बघितलं. पत्रक चिकटवताना खाली काय आहे ते आम्ही वाचत नाही. वाचत बसलं तर वॉचमन येतो.

“ते तुझंच का गं?” वहिनींनी विचारलं.

“त्याची खळ जरा पक्की असते,” मी म्हणाले.

साहेबांनी पत्रकावरच्या चारी वाट्या एकेक करून उचलल्या. तेवढा वेळ मी शिरपूरला काढला. मग ते उठले, किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. “तुझ्या वडलांच्या कागदावर मी परवाच सही केलीये. स्टोअरमधला कुठला बोल्ट कुठे आहे ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आता हे कपाट तुझं. रोज पाच ते सात उघडायचं. आणि तो डबा इकडे दे, मघापासून वाजतोय.”

तेव्हापासून किल्ली माझ्याकडे आहे. पहिले पंधरा दिवस मी पाचाच्या ठोक्याला कपाट उघडलं. मग दादऱ्याला झाडं तोडायचं निघालं, तिकडे जावं लागलं. मग सुरंगीच्या बसचा प्रश्न पेटला. प्रश्न थांबून राहत नाहीत, कपाट थांबतं. असा दीड महिना गेला असेल.

परवा सहज वाचनालयात डोकावले, तर कुलपावर एक मोठा कागद चिकटवलेला. माझंच पत्रक! दिवाणाखालच्या गठ्ठ्यातलं. सतराच्या सतरा मुद्दे जसेच्या तसे, एकही बदलावा लागला नव्हता. फक्त ‘सामंत साहेब’ पेनाने खोडून, आईच्या अक्षरात ‘मनीषा’ लिहिलं होतं.

खाली भिशीतल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. मी येता-जाता म्हणत असते, की आमच्या आधीच्या पिढीत अन्यायाविरुद्ध सही करायची हिंमतच नाही. आणि भिशीतल्या सगळ्यांच्या वर, पहिली सही पप्पांची होती.