काकांच्या पत्राखालची नावं

मजकूर सांगताना एक वाक्य संपलं की काका 'पूर्णविराम' म्हणतात. वार्ताहर असताना परदेशांतल्या लढायांच्या बातम्या त्यांनी कित्येक वर्षं वर्तमानपत्राला फोनवरून अशाच सांगितल्या. पुढे सरकारविरुद्ध पुस्तकं लिहिली, मोर्चे काढले. दिल्लीतल्या त्यांच्या घरी मी स्वयंपाकाच्या कामाला आहे; आता त्यांची नजर गेली, म्हणून स्वयंपाक उरकून मी त्यांचं लिहून घेते. पहिल्या दिवशी मी 'पूर्णविराम' हा शब्दसुद्धा इमानाने लिहीत गेले. काका पोट धरून हसले; पण सातवीत शाळा सुटलेल्या माझ्या हातातून त्यांनी लेखणी काढून घेतली नाही.

आज तुरुंगातल्या त्यांच्या मोर्चातल्या सोबत्याला सोडा, असं सरकारला पत्र लिहून झालं. सह्यांसाठी काकांनी जुन्या मित्रांना फोन लावले. कुणी आजारी, कुणी नुसतं 'बघतो' म्हणालं. एवढं जग फिरलेला माणूस, आणि कागदावर त्यांचं एकट्याचं नाव. माणसं अशी कधी पांगतात, कळतही नसेल.

"तू करतेस सही?"

"मी? काका, पोलीस आले तर? इथं माझं कोण आहे?"

"मग राहू दे, बाई. मलाही भीती वाटायचीच की."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी सही केली. स्वतःचं नाव इतकं सावकाश मी कधीच लिहिलं नव्हतं.