पाटी उभी राहिली की

काकीच्या बोटीत दोन सरकारं बसली होती आणि दोघांनीही तिला गृहीत धरलं होतं. तिथंच त्यांचं चुकलं.

बोट साधीच. दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, मध्ये सायकली आणि पोत्यांसाठी मोकळी जागा, वर पत्रा. नदीच्या मधोमध एक बेट होतं. बेटावर वीटभट्ट्या, एक शाळा आणि काकीचं घर. हे बेट कोणाचं, यावरून पूर्व काठाचं सरकार आणि पश्चिम काठाचं सरकार काकीच्या लग्नाच्या आधीपासून भांडत होती. एकमेकांच्या जमिनीवर बसायला दोघंही तयार नव्हते. बेटावर बसावं, तर बेट कोणाचं ते आधी ठरायला हवं. शेवटी कोणीतरी शक्कल लढवली. बोलणी पाण्यावर करायची. आणि दोन्ही काठांना लागणारी बोट एकच होती.

दोन्हीकडचे अधिकारी एकाच सकाळी दारात आले.

"बोट सरकारी कामाला हवी आहे."

"न्या की. पण चालवणार मी."

"बाई, बोट चालवायची नाहीये. बेटाच्या टोकाशी नुसती उभी करायची आहे."

"उभीसुद्धा मीच करणार," काकी म्हणाली.

बोट खरी सासऱ्यांची. त्यांच्यानंतर सुकाणू नवऱ्याकडे जायचं, पण काकांचा सगळा जीव इंजिनात. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचे कानही गेले होते. म्हणून काकीनं सुकाणू धरलं. पहिल्या दिवशी वीटभट्टीचा मुकादम डोळे घट्ट मिटून बसला होता. पलीकडे पोहोचल्यावर काकी त्याला म्हणाली, "उघडा आता. जिवंत आहात."

सासऱ्यांनी तिला एकच नियम शिकवला होता. पूर्वेच्या, पश्चिमेच्या आणि बेटावरच्या अशा तिन्ही धक्क्यांवर एकेक खांब होता आणि खांबाला तांबडी पत्र्याची पाटी. दोरी ओढली की पाटी उभी राहते. पाटी उभी राहिली की बोट निघते. तिकडे कोण आहे, काय काम आहे, हे विचारायचं नाही. ताटावरून उठावं लागलं तरी उठायचं. तरुणपणी काकी या नियमावर चिडायची. आता दुसऱ्या कोणी मोडलेला तिला चालत नसे.

बोलणी सुरू झाली तशा तिन्ही पाट्या पोलिसांनी दोरीनं बांधून टाकल्या. फेरी बंद. काकी सुकाणूपाशी बसून ऐकायची. तिच्यासमोर साहेबलोक मोकळेपणानं बोलत. बोटीला कुठे कान असतात!

पूर्वेच्या पुढाऱ्याला तिनं 'खोकणारे साहेब' नाव ठेवलं होतं, पश्चिमेच्या पुढाऱ्याला 'चष्मेवाले साहेब'. बरेच दिवस घोडं पेंड खात राहिलं. मग तोडगा निघाला. सहा महिने बेटावर पूर्वेचं राज्य, सहा महिने पश्चिमेचं. शाळा, पोलीस, कर, सगळं पाळीपाळीनं.

"आणि फेरी?" कारकुनानं विचारलं.

"ज्याचं राज्य, त्याच्याच काठाला," खोकणारे साहेब म्हणाले. चष्मेवाल्यांनी मान हलवली. इतक्या दिवसांत एवढ्या पटकन काही ठरलं नव्हतं.

काकीनं सुकाणू घट्ट धरलं. बेटावरच्या विटा पूर्वेला विकल्या जात. काकांचा कानाचा डॉक्टर तिकडेच. आणि लेक दिली होती पश्चिमेला. ती दर आठवड्याला यायची, बापाशी कडाकडा भांडायची आणि तृप्त होऊन परत जायची. आता ते भांडणसुद्धा सहामाही होणार होतं. काकीला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कलम वाचून दाखवणं चालू होतं. काकीनं सवयीनं पश्चिमेकडे पाहिलं. पाटी उभी होती.

"नांगर उचला!" ती ओरडली.

"काय?" खालून काका.

"नांगर!"

इंजिन धडधडलं. टेबलावरचे कप नाचू लागले. कारकून कागदांवर पालथा पडला.

"बाई! हे काय चाललंय?" चष्मेवाले साहेब उठून उभे राहिले.

"पाटी उभी आहे."

"कोणी आजारी आहे का?"

"काय माहीत."

"मग?"

"मग काय? उभी आहे."

दोन्हीकडच्या पोलिसांच्या लाँच नुसत्या गोल फिरत राहिल्या. बोटीत दोघांचेही साहेब. थांबवायची कोणी, आणि कोणाच्या हुकमानं?

धक्क्यावर बेटाचा न्हावी उभा होता. भावाकडे म्हणून गेला आणि बोलण्यांमुळे तिकडेच अडकला होता. पेटी काखेत मारून तो आत आला आणि शिष्टमंडळाशेजारी बसला.

"पाटी कोणी सोडली?" चष्मेवाल्यांनी दरडावलं.

"मी. गाठ कच्ची होती."

"कोण मरतंय म्हणून आम्हाला इथवर आणलंस?"

"मरत कोणी नाही, साहेब. लोकांच्या दाढ्या वाढल्यात. तुमचं चालू द्या."

खोकणाऱ्या साहेबांचा खोकलाच थांबला. "आमचं शिष्टमंडळ पश्चिमेच्या धक्क्याला लावलं! हा कट आहे! आता आमच्याही काठाला चला. बरोबरी म्हणजे बरोबरी!"

"तुमची पाटी बांधलेली आहे," काकी म्हणाली.

"मग सोडा ती!" त्यांनी आपल्या लाँचला हुकूम दिला. लाँच पळाली. पूर्वेची पाटी उभी राहिली.

पाटी दिसली तशी पूर्व काठावर अडकलेली सगळी माणसं धक्क्यावर लोटली. फेरी सुरू झाली, असंच त्यांना वाटलं. काकीनं बोट लावली आणि माणसं चढली. सायकली चढल्या. एका सायकलचं हॅन्डल थेट कराराच्या फायलीत घुसलं. शाळेची बाई डोक्यावरचं गाठोडं सांभाळत चष्मेवाल्या साहेबांना म्हणाली, "जरा सरका हो. एकटेच दोघांची जागा अडवून बसलात."

साहेब सरकले.

बेटावर सगळे उतरले. बोट पुन्हा मोकळी झाली. खोकणारे साहेब हळू आवाजात म्हणाले, "परवाना रद्द होईल तुमचा, कळतंय ना?"

"कोणता?" काकीनं विचारलं. "माझ्याकडे दोन आहेत. तुमचा आणि त्यांचा. तुम्ही रद्द केलात तर मी फक्त त्यांच्याकडे जाईन. त्यांनी केला तर फक्त तुमच्याकडे. आपसात ठरवून सांगा."

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. आपला रद्द करायला कोणीच पुढे येईना.

"दोघांनी मिळून केला तर?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तर दुसरी काकी शोधा. सहा महिने या काठाकडे बघायचं आणि सहा महिने त्या, हे मला जमणार नाही. राज्य कोणाचंही करा. पाटी उभी राहिली की मी निघणार."

"धमकी देताय?"

"नाही हो. आधी सांगून ठेवते. मागाहून म्हणाल, बोलली नाही."

त्या दुपारी दोन्ही बाजू बराच वेळ कुजबुजत होत्या. दुसऱ्याच्या हाती एकटी फेरी जाण्याची भीती दोघांनाही सारखीच वाटत होती. सहामाही राज्य तसंच राहिलं. त्याखाली एक ओळ वाढली: फेरी दोन्ही काठांना, बाराही महिने.

सह्यांच्या दिवशी बोट धुऊन पुसून ठेवली होती. फोटोवाले आले होते. पाट्या मोकळ्या होत्या. टेबलावर करार उघडला, खोकणाऱ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पश्चिमेची पाटी उभी राहिली.

काकीनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हताशपणे हात हलवला. निघा.

नांगर वर आला. धडधडत्या बोटीत दोन सरकारांनी सह्या केल्या. दोन्ही सह्या वाकड्यातिकड्या झाल्या आणि आजही तशाच आहेत.

धक्क्यावर लेक उभी होती. एवढे दिवस साठलेलं भांडण तिच्या तोंडावर दिसत होतं. ती आत आली आणि थबकली.

"आई, हे एवढे सगळे कोण गं?"

"सरकार आहे," काकी म्हणाली. "पाय पूस आणि बस."