पिंजऱ्यातली सवत

माझ्या नवऱ्याच्या नोकरीचं कोणी कौतुक केलं की अजूनही माझं डोकं फिरतं. सिंहाला जेवण घालणारा माणूस म्हणून साऱ्या लाटंबार्से गावात त्यांचा केवढा रुबाब! आणि घरात? चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधायला दीर, पेडण्याला माहेरी जायचं तर मी एकटी, मुलीला ताप आला तरी तिला घेऊन डिचोलीला धावायची मीच. का, तर सिंहीण उपाशी राहील. शेजारणी मला खुशाल विचारायच्या, "गो, तुझी सवत जेवली मगे?" मी म्हणायची, "जेवली, नि माझ्या जिवावर उठली."

आमच्याकडून बसनं जाण्यासारखं एक लहानसं प्राणिसंग्रहालय तेव्हा होतं. बंद पडलेल्या एका सर्कशीतले तीन सिंह तिथं आणून ठेवले होते, दोन नर नि एक मादी. तिघंही संकरित. म्हणजे सर्कशीवाल्यांनी आफ्रिकेचे सिंह आणि आपल्या गुजरातचे सिंह एकत्र ठेवले, त्यांची ही प्रजा. दिसायला सिंह, ओरडायला सिंह, पण वरून हुकूम असा की यांचं रक्त शुद्ध नाही, यांना पिल्लं होऊ द्यायची नाहीत. दोन्ही नरांची ऑपरेशनं करून टाकली. आहेत तेवढे मरेपर्यंत पोसायचे आणि मग पिंजरा बंद.

नवऱ्यानं हे घरी सांगितलं त्याच सुमाराला शेतकी खात्याचा माणूस आमच्या दारात बसून, संकरित भाताचं बियाणं घ्या म्हणून गळ घालत होता. त्याच्या आधी संकरित गाईसाठी एकजण येऊन गेलेला. मी म्हटलं, ही काय तऱ्हा! भात संकरित पाहिजे, गाय संकरित पाहिजे, आणि सिंह संकरित निघाला की त्याचा वंश बुडवा!

"तुका कळचें ना," नवरा म्हणाला. "अस्सल सिंहांत हे मिसळले तर पुढची सगळी जात बिघडते."

"मिसळायला हे बाहेर पडणार कधी? गजांतून?"

त्यावर ते चहा पीत बसले. त्यांचं हे असंच. मी भांडायची नि ते चहा प्यायचे.

बरं, रक्त शुद्ध असो नाहीतर गढूळ, मला त्याचं काय करायचंय! पण त्या हुकुमाची झळ आमच्या घरापर्यंत आली. पिंजऱ्यावर आधी दोन माणसं होती. दुसरा निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलंच नाही. तिथले साहेब म्हणायचे, हे सिंह संपणारच आहेत, त्यांच्यासाठी नवीन माणूस कोण मंजूर करणार? मग एक नर गेला, वर्षभरानं दुसरा गेला, नि ती म्हातारी एकटी राहिली. तिची तऱ्हा अशी की माझ्या नवऱ्याची हाक ऐकल्याशिवाय ती आतल्या खोलीत जायची नाही. ती आत गेल्याशिवाय दार पडत नाही, दार पडल्याशिवाय पिंजरा धुता येत नाही, मांस ठेवता येत नाही. एकदा रोजंदारीवरचा माणूस लावून बघितला. त्या बिचाऱ्यानं हाका मारून घसा बसवून घेतला, आणि ही त्याच्याकडे पाठ करून पडून राहिली. झालं! नवऱ्याच्या रजा बुडाल्या त्या बुडाल्याच.

मी सगळं सोसलं. पण मुलीचं लग्न मये गावच्या मुलाशी ठरलं आणि तेव्हा मात्र मी ठणकावून सांगितलं, कन्यादान बापच करणार. भाऊ माझा म्हणत होता, "अगे, वेळ पडली तर मी मामा आहेच." मी त्याला गप्प केलं. बाप जिवंत असताना मामानं का करायचं? लोक काय म्हणतील ते राहू दे, माझ्या मुलीला काय वाटेल? शाळेत तिच्या एकाही कार्यक्रमाला बाप आला नव्हता. ती कधी बोलली नाही, पण मला माहीत होतं, लग्नात तो पाटावर असावा एवढंच तिला हवं होतं.

मी सरळ साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "बाई, माझ्या हातात काही नाही. त्यांनी पहाटे येऊन तिचं आटपावं नि मुहूर्ताला पोचावं."

"नि बस चुकली तर? खाणीच्या ट्रकांत अडकली तर?"

"ती तरी आता किती दिवस काढणार?" साहेब म्हणाला.

ती मरेपर्यंत माझ्या मुलीचा मुहूर्त पुढं ढकलू काय? असं मी तोंडावर विचारलं आणि चहा न पिता उठले. घरी येऊन नवऱ्याला बजावलं, "त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. एक दिवस उपाशी राहिली म्हणून ती मरत नाही." त्यांनी कपात चहा ओतून घेतला. मला तर रडूच आलं रागानं.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला बायका जमल्या तरी ह्यांचा पत्ता नाही. आले ते दिवेलागणीला, अंगाला धुराचा वास, डोळे लाल. मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या चुली पेटल्या होत्या. मला वाटलं, आल्या आल्या तिकडे जाऊन बसले असतील. "मुलीच्या चुड्याला तरी वेळेवर यायचं होतं!" मी सगळ्यांसमोर सुनावलं. ते पाय धुऊन कोपऱ्यात जाऊन बसले.

लग्नाच्या सकाळी मी डोळ्यांत तेल घालून पहारा करत होते. पण ते निघालेच नाहीत. पहाटेची बस गेली, पुढची गेली, हे आपले मांडवात पानं सारखी करतायत. मनात म्हटलं, बरी जिरली सवतीची! पहिल्यांदाच माझं ऐकलं ह्या माणसानं. पाटावर बसले तेव्हा मुलीनं वर बघितलं आणि हसली. तिच्या हातावर पाणी सोडायची वेळ आली तरी ह्यांचा हात मागंच, भटजींनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठं पाणी सोडलं. बापच तो, मी म्हटलं, जड जाणारच.

मुलीची पाठवणी झाली. मांडव रिकामा झाला आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. ते ओट्यावर बसले होते, त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "जा आता. मिळते अजून बस. भुकेनं कावली असेल तुमची ती."

"ती ना आतां," ते म्हणाले. "काल गेली, सकाळीच."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकले. डॉक्टर आला, तिला फाडून बघितलं, मग मागच्या माळावर लाकडं रचून जाळली, हे सगळं त्यांनी हळूहळू सांगितलं. संपूर्ण जळेपर्यंत ते तिथंच उभे होते.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सुतक," ते म्हणाले. "घरात शब्द काढला असता तर लग्नाला लागलं असतं. दोष लागायचा तर माझा मला लागू दे. चेडवाक नको, आपल्या पोरीला."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, सुटलास. पिंजरा आता बंद करूया."

असा संताप आला मला! साहेबाचा, हुकुमाचा, ह्यांच्या त्या मुक्या तोंडाचा, आणि तिचासुद्धा, एक दिवस थांबता येत नव्हतं मेलीला! मी मागच्या दारी गेले, न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणाखाली जाळ केला, पाणी कढत झाल्यावर बाल्दी भरली आणि त्यांना हाक मारली. "उठा. न्हाऊन घ्या."

माझा भाऊ तिथंच होता. म्हणाला, "अगे, जनावराचं कसलं सुतक?"

"तुला कोणी विचारलं?" मी म्हटलं, आणि पहिला तांब्या मीच त्यांच्या डोक्यावर ओतला.