गच्चीवरची अंघोळ

त्या हिवाळ्यात आमचा थोरला सहा वर्षांचा होता आणि धाकटा चार. रोज सकाळी आमच्या घरात अंघोळीवरून रणकंदन व्हायचं. पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमधल्या बाथरूमला ऊन कधी दिसतच नाही. तिथल्या फरशीवर पाय ठेवला की माझ्याच अंगावर काटा यायचा, तर पोरांचं काय सांगावं! थोरला आत जाऊन नळ सोडायचा, थोडा वेळ नुसता उभा राहायचा, केसांना पाणी लावायचा आणि टॉवेल गुंडाळून बाहेर यायचा. "झाली." मानेवर आदल्या दिवशीची माती तशीच. धाकट्याला एवढं नाटक जमायचं नाही. तो सरळ पलंगाखाली शिरायचा. दोघांचे गाल उललेले, गुडघे पांढुरके, आणि ओठ चाटून चाटून तोंडाभोवती लाल गोल झालेला.

शाळेच्या व्हॅनमधून थोरल्यानं एक नवीन माहितीही आणली होती. बर्फाच्या देशातली माणसं म्हणे महिना महिना अंघोळ करत नाहीत.

"आपल्याकडे कुठे आहे बर्फ?" मी विचारलं.

"फ्रीजमध्ये आहे ना," पलंगाखालून धाकटा म्हणाला.

माझं ऑफिस हिंजवडीला, पण बरेचसे दिवस घरूनच काम असतं. सकाळी मुलं व्हॅनमध्ये बसली की लगेच माझी पहिली मीटिंग. नवरा चाकणच्या एका कंपनीत आहे. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्ट असली की पोरं उठायच्या आत तो बसस्टॉपवर, आणि थर्ड शिफ्ट असली की व्हॅन गेल्यावर घरी. म्हणजे हे रणांगण माझ्या एकटीचंच.

माझे सासरे निगडीला राहतात. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केलं. आम्ही दोघंही त्यांना बाबा म्हणतो. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि घरात ते एकटेच असायचे. डिसेंबरमध्ये त्यांचा खोकला काही हटेना, म्हणून नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. थंडी सरली की परत जायचं, या बोलीवर ते आले.

आमच्याकडे ते फार बोलत नसत. सगळ्यांच्या आधी उठायचे, हळू आवाजात बुद्धवंदना म्हणायचे आणि कानटोपी घालून बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे. चहा दिला तर घ्यायचे, मागायचे नाहीत. त्यांना आमच्याकडे करमतंय की नाही, हेच मला कळत नव्हतं.

एके दिवशी व्हॅन यायची वेळ झाली होती. धाकटा पलंगाखाली, थोरला उघडा थरथरतोय आणि मी ओरडतेय. मागून आवाज आला, "मी घालू का अंघोळ?"

बाबा दारात उभे होते. बनियनवर आले होते, बाह्या नव्हत्याच, तरी त्या सरसावायला हात सवयीनं दंडाकडे जात होता.

"तुम्ही?"

"कशी घालतात तेवढं सांग," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आपल्याकडे पोरांचं सगळं हीच बघायची. मी कधी घातली नाही."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी हसले नाही. पाणी किती गरम घ्यायचं ते दाखवलं, साबण हातात दिला आणि बाजूला झाले.

पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला. पाणी जास्तच कढत निघालं, साबण थोरल्याच्या डोळ्यांत गेला आणि त्यानं केलेला आक्रोश खालच्या मजल्यावर पोचला. धाकट्यानं तर आजोबांवरच तांब्या रिकामा केला. बाबा बाहेर आले तेव्हा मुलांपेक्षा तेच जास्त भिजलेले होते. "आजोबांना येत नाही," थोरल्यानं रडत तक्रार केली. बाबा कपडे बदलून पुन्हा बाल्कनीत जाऊन बसले. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी मी भाजी निवडत होते. बाबा समोर येऊन बसले. म्हणाले, "ही पोरांना बाहेर उन्हात घालायची बघ अंघोळ. आमच्या तेव्हाच्या खोलीसमोर दगड होता, त्याच्यावर बसवून. मी सेकंड शिफ्टला असलो की सकाळी झोपेत आवाज ऐकू यायचा. पोरं हसायची. रडायची नाहीत." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गच्चीवर ऊन येतं का?"

रविवारी सकाळी त्यांनी वॉचमनकडून गच्चीची किल्ली मागून आणली. गच्चीवर सोलरच्या टाक्या आहेत आणि तिथंच एक गरम पाण्याचा नळ आहे. बादली, तांब्या, बसायला पाट, तिळाचं तेल आणि दोन नाखूश पोरं घेऊन आम्ही वर गेलो. ऊन छान कोवळं पसरलं होतं. बाबांनी पाट भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असा मांडला. बादलीत आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं. मग दोघांसमोर उभं राहून त्यांनी घसा खाकरला.

"हे बघा राव. आज कारखाना चालू झालाय. आधी ऑइलिंग. मग वॉशिंग. मग इन्स्पेक्शन. पास झाला तोच माल बाहेर जाणार."

"आणि नापास झाला तर?" थोरल्यानं विचारलं.

"रिजेक्ट. परत पहिल्यापासून."

थोरला पटकन पाटावर बसला. बाबांच्या हाताला घट्टे आहेत, पण तेल चोळताना ते हात इतके सावकाश फिरत होते की पोरगं डोळे मिटून डुलायला लागलं. साबण लावताना त्यांनी त्याच्या कपाळावर आडवा हात धरला, म्हणजे डोळ्यांत काही जाणार नाही. मग इन्स्पेक्शन सुरू झालं. कानामागे बोट, मानेखाली बोट, बोटांच्या बेचक्यांत नजर. "डावा घोटा रिजेक्ट!" बाबा ओरडले. थोरला खिदळत पुन्हा बसला. दुसऱ्यांदा त्यानंच स्वतःहून उजवा घोटाही पुढे केला.

धाकटा मात्र ऑइलिंग होताच निसटला. अंगभर तेल, अंगावर चिंधी नाही, आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला धूम! तिथं आमच्या मजल्यावरच्या काकू गोधड्या उन्हात घालत होत्या. हा गोधडीखाली घुसला. बाबा टॉवेल घेऊन मागे धावले. गुडघे दुखतात म्हणून जिना धरून चढणारा माणूस अक्षरशः धावत होता.

"अहो, माझी गोधडी!" काकू ओरडल्या.

बाबा ओशाळले. "धुवून देतो मी ताई. खरंच देतो."

काकूंनी गोधडी उचलली. आत धाकटा चकचकीत होऊन बसला होता. त्याच्याकडे बघून त्यांना हसू आवरेना. "राहू द्या हो आजोबा. आधी हा धुवा."

धाकट्याला काखेत मारून बाबा परत येत होते, तेवढ्यात जिन्याच्या दारातून नवरा वर आला. थर्ड शिफ्ट करून आलेला. पाठीला सॅक, अंगात कंपनीचं जाकीट, डोळे तांबारलेले. घरात कुणी नाही म्हणून तो शोधत आला होता. तो तिथंच थांबला. बाबांनी धाकट्याला पाटावर बसवलं, कपाळावर हात आडवा धरला, डोक्यावर तांब्या ओतला. नवरा बघत राहिला. मी त्याच्याजवळ गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "हे कधी शिकले हे?"

"आत्ताच," मी म्हटलं.

धाकटा पास झाला. थोरल्यानं बापाला पाहिलं आणि ओरडला, "पप्पांचं पण इन्स्पेक्शन!"

"पप्पा दमलेत रे," मी म्हटलं.

पण बाबांनी पाट पुन्हा सरळ केला. "बस."

"बाबा, काहीतरीच काय."

"बस म्हणतो ना. पाणी आहे अजून."

काकू गोधड्यांमागून बघत होत्या. नवरा लाजला. मग त्यानं जाकीट काढलं, शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या लहानशा पाटावर कसाबसा बसला. बाबांनी तळहातावर तेल घेतलं आणि त्याच्या पाठीला चोळायला सुरुवात केली. मुलं दोन्ही बाजूंना उकिडवी बसली. 

"तू एवढा असताना," बाबांनी ओल्या हातानं धाकट्याकडे बोट दाखवलं, "मी घरी आलो की तू झोपलेला, आणि निघालो तरी झोपलेला. ओव्हरटाइम सोडवत नव्हता. पाठीवर हा तीळ आहे, हेसुद्धा आज बघतोय."

नवऱ्यानं मान वळवली नाही. "आई सांगायची," तो म्हणाला, "आम्ही झोपेत असताना तुम्ही आमचे पाय पांघरुणात घालून जायचात म्हणून."

"सांगितलं होतं का तिनं?"

"दर थंडीत सांगायची."

बाबांचे हात थांबले. मग त्यांनी तांब्या भरला आणि मुलाच्या डोक्यावर पाणी ओतलं. आता बाबा रडत असतील तरी ते कुणाला कळणार नव्हतं, इतकं पाणी दोघांच्या अंगावर उडत होतं. थोरल्यानं मोठ्या गांभीर्यानं बापाच्या कानामागे बोट घातलं आणि निकाल दिला, "पप्पा रिजेक्ट!"

मग थंडी संपेपर्यंत आमचा दर रविवारी असाच कारखाना चालला. शेजारच्या विंगमधली दोन पोरंही टॉवेल घेऊन यायला लागली. इतर दिवशी बाथरूममध्ये बाबाच अंघोळ घालायचे. कुरकुर पूर्ण थांबली असं नाही, पण पलंगाखाली जाणं बंद झालं. बाबाही बोलायला लागले. चहा मागायला लागले, साखर कमी पडली तर सांगायलाही लागले.

होळीच्या सुमारास त्यांनी पिशवी भरली. मी राहा म्हटलं, नवऱ्यानं राहा म्हटलं. ते म्हणाले, "घर बंद ठेवून चालत नाही. तिथं माझी माणसं आहेत, कट्टा आहे. थंडी पडली की येतो." मुलं पप्पांबरोबर बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली आणि रडत परत आली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी तो घरी होता. माझी मीटिंग त्या दिवशी लवकर लागली होती, मी मीटिंगला बसले होते. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता, आणि त्याच्याही वर नवऱ्याचा चढा आवाज, "मान वर! कोपर रिजेक्ट!" मी माइक बंद केला आणि थोडा वेळ नुसती ऐकत बसले.