सहा मीटर आणि दोन विती

मी गाव सोडलं ते मामाच्या ट्रकमधून. मागं गुळाच्या ढेपा आणि पुढं केबिनमध्ये मी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, कारण पाच फूट अकरा इंचांची मुलगी नीट मावेल अशी जागा त्या गाडीत नव्हती. मामा गूळ वाशीच्या मार्केटात उतरवायचा आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया भरून परत यायचा. आई खाली उभी राहून म्हणाली, “तिथं जरा वाकून चाल गं, लगेच नजरेत भरतेस.” बाबा म्हणाले, “झालं ते झालं. आम्हाला या गावात राहायचंय.” निरोपाचं बोलणं एवढंच. ट्रक क्रीडा मंडळाच्या मैदानावरून गेला तेव्हा मी खिडकीतून थुंकले. मामानं बघितलं आणि तो गिअर बदलत राहिला.

याला एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात मंडळाला माझी आठवण आली नाही, आणि गेल्या महिन्यात एकदम आली. हल्लीच्या सेक्रेटरी मानसीचा फोन. गोड मुलगी आहे, तिचा काही दोष नाही. म्हणाली, “शोभाताई, बास्केटबॉलचं नवं पक्कं कोर्ट झालंय, स्मरणिका काढतोय. आपल्या मंडळाच्या गाजलेल्या तीन सेंटर, कुसुमताई, तुम्ही आणि नंदाताई. कोण कशी खेळायची आणि सगळ्यात भारी कोण, ते तुम्ही लिहायचं. तुम्ही सांगाल त्या नावाची पाटी कोर्टावर लागेल. अप्पांच्या हस्ते.” अप्पा म्हणजे तेव्हाचे सेक्रेटरी, आताचे अध्यक्ष, आणि नंदाचे सख्खे काका. मी विचारलं, मलाच का? ती म्हणाली, “अप्पाच बोलले, शोभाला सांगा, ती मनात काही ठेवणारी नाही.”

अप्पा, मी मनात ठेवलंय. नीट, घडी घालून ठेवलंय. तुम्हीच मागितलात, आता घ्या.

आधी कुसुमताई, कारण त्यांच्यापासून सुरुवात होते. शाळेत गणित शिकवायच्या, संध्याकाळी मैदानावर यायच्या. उंची माझ्यापेक्षा चार बोटं कमी. त्यांना मी कधी उडी मारताना बघितलं नाही. रिंगकडे पाठ करून उभ्या राहायच्या, कमरेनं मागच्या मुलीला हळूहळू सरकवत न्यायच्या, आणि खांद्यावरून हात फिरवून चेंडू टाकायच्या. हुक शॉट. चेंडू बोर्डाला लागायचा नाही, सरळ जाळीत. दम लागलेला कधी दिसला नाही, कारण त्या धावायच्याच नाहीत. बाकीच्या चौघी धावायच्या आणि चेंडू शेवटी कुसुमताईंकडे यायचा. त्यांच्या काळात सेंटरचं, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच मुलीचं, तेच काम होतं.

त्यांनीच एक पद्धत घालून दिली होती. मैदान मातीचं. मॅचच्या दिवशी पाणी मारायचं, सुतळी ताणायची आणि फक्की टाकून रेघा मारायच्या. बाकी मैदान कुणीही आखा, पण रिंगखालचा पट्टा सेंटरनंच आखायचा. तो पट्टा तेव्हा आजच्यासारखा चौकोनी नव्हता, खाली रुंद आणि वर अरुंद असायचा. खाली बरोबर सहा मीटर. हल्ला करणारी खेळाडू त्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त राहिली की शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांना. रेघेला पाय लागला तरी आत धरतात. म्हणून कुसुमताई सांगायच्या, “जिथं उभं राहायचंय तिथली रेघ आपल्या हातानं मार. मग पायाला बघावं लागत नाही. खाली बघितलंस की चेंडू गेला.”

मी त्यांची चेली. पाठ रिंगकडे, तीच कंबर, तोच हुक. फक्त मी उडी मारायचे आणि आदळायचे. माझ्या कोपरानं दोघींचे दात हलले आहेत, त्यांची माफी मी तेव्हाही मागितली नव्हती. खांबापासून तीन ढांगा बाहेर, डावा पाय रोवायचा, की रेघ टाचेमागं चार बोटं. डोळे मिटून जमायचं. नंदा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि अगदी वेगळी. ती रिंगकडे तोंड करून खेळायची. वर, रिंगपासून लांब, फ्री थ्रोच्या रेघेजवळ उभी राहायची, चेंडू मिळाला की एक टप्पा आणि उडी मारून शॉट. सेंटर असून, चेंडू पुढं नेणाऱ्या गार्डसारखी धावायची. कुसुमताई तोंड वाकडं करून म्हणायच्या, “ही सेंटर नव्हे, ही पाहुणी आहे.” मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

राज्याच्या संघासाठी निवडीची मॅच आमच्या मैदानावर ठरली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नंदा. जिल्ह्यातून एकच सेंटर जाणार होती. राज्याकडून खेळलं की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीची आशा होती, आणि आमच्या घरात तेवढी एकच आशा होती. दुपारी मी सुतळी घेऊन गेले तर अप्पा फक्कीची बादली घेऊन उभे. म्हणाले, “पोरी, आज तू दमू नकोस. आज तुझा दिवस आहे. मी आखून घेतो.” मंडळाच्या सेक्रेटरीनं माझ्यासाठी वाकून रेघ मारायची! मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं की मी सुतळी गुंडाळली आणि पायरीवर जाऊन बसले. ही माझी चूक. इतक्या वर्षांत मी ती कुणावर ढकललेली नाही.

मॅचमध्ये शिट्टीवर शिट्टी. तीन सेकंद. पुन्हा तीन सेकंद. पंच परगावचे होते, भले गृहस्थ, दर वेळी माझ्या पायाकडे बोट दाखवायचे. मी खाली बघायचे तर पाय खरंच रेघेच्या आत. मला वाटलं माझेच पाय चुकतायत. मग मी खाली बघून खेळायला लागले आणि व्हायचं तेच झालं. नंदा वर उभी राहून खेळणारी, तिला खालच्या रुंदीशी काही देणंघेणं नव्हतं. संध्याकाळी फळ्यावर तिचं नाव लागलं. अप्पांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “उंची देवानं दिली, अक्कल कुठून आणायची?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतळी घेऊन गेले. सहा मीटरची गाठ बांधलेलीच होती. एका रेघेवर टोक धरलं आणि ताणली, तर गाठ पोचेना. पट्टा उजवीकडे एक वीत, डावीकडे एक वीत जास्त रुंद. दुसऱ्या रिंगखालीही तेच. हात चुकला असता तर एकीकडे चुकला असता. मी घरी पळत जाऊन बाबांना घेऊन येईपर्यंत मैदानावर पाणी मारून झालं होतं. बाबा ओल्या मातीकडे बघत म्हणाले, “कुणाला दाखवणार?” पंधरा दिवसांनी मी ट्रकमध्ये बसले.

कळंबोलीला एका लोखंड व्यापाऱ्याच्या ऑफिसात वजनकाट्याच्या पावत्या लिहायला लागले. शेजारच्या टेबलावर उरणची हेमा होती. पहिल्या दिवशी मला बघून ती ओरडली, “कवरी उंच हायस गो बाय! पंख्याला हात लागंल!” आणि दुसऱ्या दिवशी तिनं मला सुकटीची चटणी आणून दिली. कुणी वाकून चाल म्हणालं नाही. ट्रकवाले मला बघून शिस्तीत रांग लावायचे. पुढं खारघरला फ्लॅट घेतला, लग्न झालं, नवरा माझ्यापेक्षा दोन इंचांनी बुटका आणि बिनधास्त आहे. सोसायटीत अर्धं बास्केटबॉल कोर्ट आहे, निळ्या रंगाचं, पट्टा चौकोनी, रेघा पक्क्या रंगाच्या. पाण्यानं न पुसल्या जाणाऱ्या. फ्लॅट घेताना मी बाकी काही बघितलं नाही, असं नवरा आजही चारचौघांत सांगतो.

मानसीच्या फोननंतर मी लेख लिहायला घेतला. पहिला खर्डा मस्त जमला होता. त्यात कुसुमताई सर्वोत्तम, मी दुसरी, आणि नंदाच्या वाट्याला दोन ओळी होत्या. ‘काकांच्या कृपेनं’ हे शब्द दोनदा आले होते. वाचून मला रात्री छान झोप लागली.

आणि मग नंदाचाच फोन आला. सुनेच्या बाळंतपणासाठी ती खारघरला मुलाकडे आली होती, माझ्यापासून तीन सेक्टरवर. “लेख तू लिहितीयस म्हणं. भेटायचं का?” मी म्हटलं, भेटू. रविवारी सकाळी, आमच्या कोर्टावर. बूट घालून ये. माझ्या मनात सरळ सूड होता, सांगायला लाज वाटत नाही. तिला घाम फोडायचा, हरवायचं, आणि मग तो खर्डा छातीठोकपणे पाठवायचा. आठवडाभर मी पहाटे जिना चढत-उतरत होते.

ती आली. केस पांढरे, डाव्या गुडघ्याला पट्टा. दोघींत मिळून गुडघा दीडच चांगला. अकरा बास्केटचा गेम ठरला. मी पाठ लावून तिला रेटत रेटत आठपर्यंत पोचले, कुसुमताईंचा हुक अजून हातात आहे. पण ती दोन पावलं मागं सरायची आणि शॉट टाकायची. आता उडी नव्हती, नुसत्या टाचा उचलायची, तरी चेंडू आत. माझा हात पोचायच्या आधी तिच्या हातातून सुटलेला असायचा. अकरा-आठ. एकही शिट्टी नाही, रेघ बरोबर, आणि मी हरले. मी खाली बसले आणि मला रडू आलं. वॉचमननं दोन खुर्च्या आणून दिल्या.

नंदा शेजारी बसली. गुडघ्याचा पट्टा सोडून तिनं मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “मला तवाच कळलं हुतं गं. मॅचच्या रात्री काकांनी जेवताना हसत सांगितलं आईला. मी ताटावरनं उठले, पर बोलले न्हाई. बोलायला पायजे हुतं.”

“एकोणीस वर्षांची होतीस,” मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, माझ्या खर्ड्यात असलं काही नव्हतं.

“राज्याकडनं खेळले, नोकरी लागली, समदं झालं. पर गावात अजून काकाची सेंटर म्हणत्यात. मी तुला हरवलं असतं, शोभे. खरं खरं हरवलं असतं. ते त्यांनी माझ्याकडनं काढून घेतलं.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “त्यांचं नाव घालून लिही. माझंबी घाल. नुसती पाटी नको मला.”

तेव्हा पहिला खर्डा मी फाडला. हा दुसरा आहे, आणि यातला एकही शब्द काढायचा नाही, मानसी. काढायचा असेल तर लेखच छापू नकोस.

तर निकाल असा. कुसुमताईंनी आम्हाला जागा धरायला शिकवलं आणि त्यांच्या काळात त्यांना तोड नव्हती. पण पट्ट्याचा आकार बदलला, खेळ बदलला, पाठ लावून उभं राहणाऱ्या सेंटर संपत आल्या, आणि आज सगळीकडे जे खेळतात ते नंदा आमच्या मातीत तीस वर्षं आधी खेळत होती. मी कुसुमताईंची बरी नक्कल होते. नंदा कुणाचीच नक्कल नव्हती. मंडळाची सर्वोत्तम सेंटर नंदा. पाटी तिच्या नावाची लावा.

आणि अप्पा, तुम्हाला हेच नाव हवं होतं ना? मिळालं. स्मरणिकेतला पहिला लेख कार्यक्रमात मोठ्यानं वाचायची आपल्या मंडळाची पद्धत आहे, आणि तुम्ही पहिल्या रांगेत असाल. सगळं गाव ऐकेल की तुमची पुतणी तुमच्या दोन वितींशिवायही जिंकली असती, आणि तुमचाच तिच्यावर विश्वास नव्हता. मग उठा, पडदा बाजूला करा, टाळ्या वाजवा. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर नंदा असेल. मी येणार नाही. माझ्यावर हात फिरवायची संधी मी तुम्हाला दुसऱ्यांदा देणार नाही.

माझ्यासारखे जे गावाबाहेर गेले, कुणी पुण्याला, कुणी दुबईला, ते भेटले की विचारतात, तुला घर कुठलं वाटतं? मी खारघर म्हणायचे. इथं माझं सगळं आहे. एकतीस वर्षांत पार्किंगवरून भांडले, पाण्यावरून भांडले, आणि आठ दिवसांत विसरले. इथल्या कुणाचा राग मला सकाळपर्यंत पुरलेला नाही. पुरला तो फक्त तुमचा, अप्पा. आई-बाबा गेले, घर विकलं, गावात माझं म्हणून आता दुसरं काही उरलेलं नाही. तुम्ही आहात तोवर मला गाव आहे. तब्येतीला जपा.