हात वर करणारे मतदार

समुद्र सुट्टीसाठी घेतलेल्या घरापासून चाळीस पावलांवर होता आणि दोन दिवसांत आमच्यापैकी एकाचाही पाय भिजला नव्हता. दोन मित्रकुटुंबं, तीन पोरं, त्यातली दोन जुळी, तिन्ही दीड-दोन वर्षांची. एक उठलं की दुसरं झोपायचं आणि तेवढ्यात तिसऱ्याला शी व्हायची.

शेवटच्या सकाळी मी ओसरीवर सभा बोलावली. सगळ्यांना समान मत, लहानांनाही, या तत्त्वावर मी अडून बसलो.

"आत्ता समुद्रावर जायचं असेल त्यांनी हात वर करा."

बायको मऊ भात कालवत राहिली. माझा मित्र निखिल याने पेपर खाली घेतला नाही. तिन्ही पोरांनी मात्र दोन्ही हात वर केले. मी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

"अरे शहाण्या, ती उचलून घे म्हणतायत," निखिलची बायको शलाका म्हणाली.

संघटनेचा कार्यकर्ता म्हणून आजवर किती सभांमध्ये मी वर गेलेले हात मोजले, त्यांचा आकडा पत्रकांत अभिमानाने छापला. त्यातले किती संमतीचे होते आणि किती नुसतेच दमलेले, कुणाच्या तरी कडेवर जागा मागणारे, हे कधी विचारलं नाही.

"तरी मतदान वैध आहे," मी म्हणालो.

"मग कर अंमलबजावणी," बायको म्हणाली.

दोन कडेवर, एक पाठीवर घेऊन मी घोटाभर पाण्यात उभा राहिलो. मागून बाकीचे हसत आले. पहिली लाट येताच तिघंही माझे केस धरून ओरडली, "घली!"

या ठरावावर मी मतदान घेतलं नाही.